पहिला वाटा कोणाचा?





“आमच्या घरात देवाला प्रथम स्थान आहे,” असे आपण सारेच म्हणतो. नवीन घराच्या प्रार्थनेत म्हणतो, लग्नात वधूवरांना सांगतो, साक्ष देताना तर हमखास म्हणतो. वाक्य चांगलेच आहे. पण सोमवारी सकाळी मुलांचा डबा भरायचा आहे, नळाचे पाणी जायची वेळ झाली आहे, कामावर पोहोचायला उशीर होतो आहे, अशा वेळी देवाला प्रथम स्थान देणे म्हणजे नेमके काय करणे, असे कोणी विचारले तर उत्तर पटकन सापडत नाही.

बहुतेकांच्या मनात एक यादी असते. पहिला देव, दुसरे कुटुंब, तिसरे काम, चौथी मंडळी. ही यादी ऐकायला सोपी वाटते, पण जगायला कठीण जाते. एक तर तिच्यात देव आणि आपले लेकरू एकमेकांसमोर उभे राहतात. एकाला वेळ दिला की दुसऱ्याचा कमी होतो. आणि दुसरे म्हणजे, सकाळी दहा मिनिटे प्रार्थना केली की यादीतील पहिले काम संपल्यासारखे होते. मग उरलेला दिवस आपला.

पवित्र शास्त्र वाचताना मला तिथे अशी यादी दिसत नाही. तिथे दिसतो तो पहिला वाटा. गेली अनेक वर्षे मी सातपुड्याच्या पायथ्याशी, नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर काम करते. पहिल्या वाट्याचा अर्थ धर्मशिक्षणाच्या वर्गात मी पुस्तकातून शिकले. तो शेतात आणि चुलीजवळ कसा दिसतो, हे इथल्या लोकांमध्ये राहून समजत गेले. या अंकात तेच थोडे उलगडून सांगायचे आहे.

पहिली पेंढी

लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात देवाने इस्राएल लोकांना एक नियम दिला. देशात गेल्यावर पीक कापणीला आले की पहिल्या पिकाची पेंढी याजकाकडे आणायची. ती आणेपर्यंत नव्या धान्याची भाकर खायची नाही, हुरडा खायचा नाही, कोवळी कणसेही खायची नाहीत (लेवीय २३:१०-१४).

आपल्या आदिवासी भागात राहिलेल्या माणसाला हा नियम परका वाटत नाही. नव्या पिकाचा पहिला घास देवाला दिल्याशिवाय स्वतः खायचा नाही, ही रीत अनेक आदिवासी समाजांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ‘देवाला प्रथम’ ही शिकवण देण्यासाठी पाड्यावर फारसे समजवावे लागत नाही. अन्न ही आपली कमाई नसून आधी देणगी आहे, हे तिथल्या आजीला ठाऊक असते. शहरातून आलेल्या आपल्यालाच ते नव्याने शिकावे लागते, कारण आपले धान्य पिशवीतून येते आणि पिशवीवर किंमत छापलेली असते.

आता त्या पेंढीकडे नीट पाहा. ती आणली जाते तेव्हा बाकीचे पीक अजून शेतातच उभे असते. पाऊस येऊ शकतो, टोळ येऊ शकतात, चोरी होऊ शकते. किती पोती होतील हे अजून कोणालाच माहीत नाही. तरीही पहिली पेंढी द्यायची. म्हणजे पहिला वाटा हिशेब झाल्यावर दिला जात नाही, हिशेबाच्या आधी दिला जातो. सगळे घरात आल्यावर, देणी फेडल्यावर, वर्षभराची सोय झाल्यावर आपण जे देतो ते उरलेले असते. त्यातही उपकारस्तुती असू शकते. पण विश्वास हवा असतो तो पहिली पेंढी देताना.

त्याच अध्यायात पुढे, सणांचे नियम सांगता सांगता मध्येच एक वेगळे वचन येते. शेताच्या कडेचे पीक कापू नका, पडलेली कणसे वेचू नका. ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्या (२३:२२). उपासनेच्या नियमांमध्ये गरिबाचा वाटा मध्येच कसा आला, असे वाटेल. पण शास्त्रात हे पुन्हा पुन्हा होते. अनुवादाच्या २६व्या अध्यायात प्रथमउपज टोपलीत घालून आणणाऱ्याने आपले पूर्वज भटके आणि पुढे मिसरात गुलाम होते, हे देवासमोर बोलून दाखवायचे आहे. आणि मग लेवी व परका यांच्यासह आनंद करायचा आहे. देवाला दिलेला पहिला वाटा आणि दुबळ्याचा वाटा हे एकाच टोपलीतून निघतात. हे एक सूत्र धरले तर पुढचे सारे समजायला सोपे जाते.

येशूने हे कोणाला सांगितले?

देवाला प्रथम स्थान देण्याविषयी बोलताना आपण मत्तय ६:३३ हे वचन घेतो. ते भिंतीवर लावलेले असते, कॅलेंडरवर असते. पण त्याच्या आधीची वचने आपण घाईने ओलांडतो. तिथे प्रभू काय खावे, काय प्यावे, काय पांघरावे या चिंतेविषयी बोलत आहे. त्याच्यासमोर बसलेले लोक गालीलातील शेतकरी, कोळी, मजूर होते. त्या काळी एक दिनार ही दिवसाची मजुरी होती. काम मिळाले तर संध्याकाळी घरात पीठ येणार, नाही तर नाही, असे कितीतरी जण त्या समुदायात असतील. ज्यांच्या घरात चिंतेला खरेच कारण होते त्यांनाच प्रभूने प्रथम देवाचे राज्य शोधायला सांगितले.

त्या वचनातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की ‘शोधा’ हे क्रियापद मूळ ग्रीक भाषेत चालू क्रिया दाखवते. शोधत राहा, असा त्याचा भाव आहे. एकदा शोधून ठेवून दिले, असे होत नाही. दुसरी गोष्ट ‘नीतिमत्त्व’ या शब्दाची. मूळचा ‘दिकायोसुने’ हा शब्द व्यापक आहे. त्यात देवासमोर सरळ असणे जसे येते, तसे माणसांशी न्यायाने वागणेही येते. म्हणून देवाचे राज्य प्रथम शोधणारा माणूस फक्त जास्त वेळ प्रार्थना करणारा नसतो. त्याच्या मापात खोट नसते, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्याला मजुरीसाठी चार चकरा माराव्या लागत नाहीत.

दिवसाचा पहिला वाटा

‘रोज पहाटे उठून अर्धा तास प्रार्थना करा,’ हा उपदेश आपण ऐकत आलो आहोत. चांगला आहे. प्रभू येशूही पहाटे अंधारातच उठून एकांतात प्रार्थना करण्यास गेला (मार्क १:३५). पण आमच्या भागात मार्च-एप्रिल महिन्यांत या उपदेशाची वेगळीच परीक्षा होते.

हे मोहाच्या फुलांचे दिवस. फुले रात्रीच्या उत्तरार्धापासून सकाळपर्यंत गळत राहतात. गुरे-शेळ्या खाऊन टाकण्याआधी ती वेचावी लागतात. म्हणून बाया आणि मुले अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. वाळवलेली फुले विकून मीठ, मिरची, तेल येते. पावसाळ्याआधी हातात चार पैसे देणारा हा हंगाम आहे. आणि उपवासकाळ व ईस्टरही बहुधा याच दिवसांत येतात. एका बहिणीने मला विचारले होते, “ताई, पहाटेची वेळ तर फुलं वेचण्यात जाते. मग आमचा पहिला तास देवाला मिळतच नाही का?”

याचे उत्तर मला निर्गमाच्या १६व्या अध्यायात सापडते. रानात इस्राएल लोकही पहाटेच अन्न वेचायला बाहेर पडत. ऊन चढले की मान्ना वितळून जाई. वेचू नका, आधी माझ्यासमोर बसा, असे देवाने त्यांना म्हटले नाही. त्याने वेचण्याच्या कामातच विश्वासाचा धडा ठेवला. रोज त्या दिवसापुरतेच वेचायचे. साठवून ठेवले तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, सातव्या दिवशी बाहेर जायचे नाही. टोपली हातात असतानाच ते लोक शिकत होते की आपण आपल्या हातावर जगत नाही, देवाच्या हातावर जगतो.

आमच्या काही बहिणी आता झाडाखाली पोहोचल्यावर, पहिले फूल उचलण्याआधी, क्षणभर उभ्या राहून दोन वाक्यांची प्रार्थना करतात. घरी आल्यावर, फुले अंगणात वाळत घातल्यावर, निवांत वचन वाचतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना शाळेतली मुलगी वाचून दाखवते. त्यांच्या दिवसाचा पहिला वाटा देवाला मिळतो असे मी खात्रीने म्हणेन.

पण ही मोकळीक कष्टाने बांधलेल्यांसाठी आहे. ज्यांच्या हाताला पहाटे टोपली नाही, मोबाईल आहे, त्यांनी तिचा आडोसा घेऊ नये. डोळे उघडताच आपण कोणाचा शब्द आधी ऐकतो? रात्रीत आलेले संदेश, बातम्या, बाजारभाव, की ज्याने रात्र पार करून दिली त्याचा? अर्धा तास नसेल तर पाच मिनिटे द्या, पण ती पहिली पाच मिनिटे असू द्या. सकाळी आधी ज्याच्याशी बोललो, त्याच्या मताची आठवण दुपारी निर्णय घेतानाही राहते.

आठवड्याचा पहिला वाटा

दिवाळीनंतर आमच्या पाड्यांवरची कितीतरी घरे बंद होतात. माणसे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला, बरीचशी गुजरातेत, जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तिथे रविवार नसतो. कारखान्याला ऊस हवा असतो. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. अंगावर उचल असल्याने नाही म्हणता येत नाही. मग आपल्या मंडळीचा जो भाऊ पाच महिने उपासनेला आला नाही, त्याने देवाला दुसऱ्या स्थानी ठेवले असे म्हणायचे का?

हा प्रश्न सोडवताना आपल्याला एरिक लिडेल यांच्या आयुष्यातील दोन घटना शेजारी ठेवून पाहता येतील. पहिली बहुतेकांना माहीत आहे. १९२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून त्यांनी ती शर्यत सोडली. नंतर ते ४०० मीटर धावले आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. पुढच्याच वर्षी ते मिशनरी म्हणून चीनला गेले. दुसरी घटना कमी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्यांना वेइश्येन येथील बंदी-छावणीत ठेवले. तिथे ते मुलांना शिकवत, त्यांचे खेळ घेत. रविवारी मात्र नाही. पण एका रविवारी मुलांनी स्वतःच हॉकीचा सामना घेतला आणि त्याचे भांडण झाले. त्यानंतरच्या रविवारी लिडेल पंच म्हणून मैदानात उतरले. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी त्याच छावणीत त्यांचे निधन झाले.

ज्या माणसाने रविवारसाठी शर्यत सोडली, त्यानेच रविवारी मुलांचा खेळ घेतला. त्यांची निष्ठा सैल झाली होती का? मला तसे वाटत नाही. पॅरिसमध्ये देव आणि स्वतःचा गौरव यांतून निवडायचे होते. छावणीत स्वतःचा नियम आणि लेकरांचे भले यांतून निवडायचे होते. दोन्ही वेळा देवच प्रथम राहिला.

अनुवादाच्या ५व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा देताना देवाने तिचे कारणही सांगितले आहे. तुझ्या दासाला व दासीला तुझ्यासारखीच विश्रांती मिळावी, कारण तू स्वतः मिसरात दास होतास (५:१४-१५). म्हणजे शब्बाथाची आज्ञा धन्याला आहे, आणि तिच्यातला विसावा दासापर्यंत पोहोचायचा आहे. ऊसतोडीच्या भावाचा रविवार त्याने मोडलेला नाही. तो त्याच्याकडून काढून घेतला गेला आहे. त्याला दोष देण्यापेक्षा त्याच्या तळावर आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी चार कोप्यांतील कुटुंबे एकत्र बसतील, गीत गातील, एकमेकांसाठी प्रार्थना करतील, अशी व्यवस्था करणे हे मंडळीचे काम आहे. पाळक किंवा वडीलमंडळींपैकी कोणी हंगामात एकदा तरी तिथे जाऊन यावे.

आणि आपल्यापैकी ज्यांना रविवारी सुट्टी मिळते, त्यांनी आपल्या घरातही पाहावे. आपण उपासनेला जातो तेव्हा आपली घरकाम करणारी बाई पाहुण्यांच्या जेवणाची तयारी करत असते का? आठवड्यातला एक पूर्ण दिवस तिचा आहे का? आपला रविवार तिच्यापर्यंत पोहोचला, तरच आपण तो देवाला दिला असे म्हणता येईल.

पैशाचा पहिला वाटा

मिझोराममधील ख्रिस्ती घरांत एक सुंदर प्रथा आहे. तिला ‘बुहफाई थाम’ म्हणतात, म्हणजे मूठभर तांदूळ. घरातील बाई स्वयंपाकाला तांदूळ घेते, तेव्हा शिजवण्याआधी त्यातून एक मूठ वेगळ्या भांड्यात टाकते. असे जमलेले तांदूळ मंडळी गोळा करून विकते आणि तो पैसा सेवाकार्याला लागतो. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही प्रथा आजही चालू आहे. मूठभर तांदळाने घरातले कोणी उपाशी राहत नाही. पण ती मूठ शिजवण्याआधी काढलेली असते, जेवणानंतर पातेल्यात उरलेली नसते. पहिला वाटा म्हणजे काय, हे मला इतक्या थोडक्यात आणखी कुठे दिसलेले नाही.

पौलाने करिंथच्या मंडळीला हीच पद्धत सांगितली. प्रत्येक आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ज्याला जसे मिळाले असेल तसे त्याने बाजूला काढून ठेवावे (१ करिंथ १६:२). ती वर्गणी यरुशलेमेतील गरजू विश्वासणाऱ्यांसाठी होती. पुन्हा तेच: देवापुढे बाजूला काढलेले गरिबाच्या ताटात गेले.

इथे आपणा सहकाऱ्यांशी एक गोष्ट मोकळेपणाने बोलते. आपण पाठवलेल्या मदतीमुळे कितीतरी मुलांना पांघरूण मिळाले, त्याबद्दल आम्ही देवाचे आणि आपले आभार मानतो. पण कधी कधी खोकी उघडली की तुटक्या चेनच्या पिशव्या, बटणे गेलेले शर्ट, एकाच पायाचा बूट निघतो. मलाखीच्या काळी लोक आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर आणत. देवाने त्यांना विचारले की हे तुमच्या सुभेदाराला देऊन पाहा, तो खूश होईल का (मलाखी १:८)? वसतिगृहातील मुलगी ते खोके उघडताना आपले मूल्य काय आहे तेही वाचत असते. एक पुरे जोडपे चपलांचे द्या, पण जे स्वतःच्या मुलीला घालाल तसे द्या.

याची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण आमच्या भागात तिच्यामुळे माणसे भरडली जातात. ‘देवाला प्रथम द्या, मग तो दुप्पट देईल,’ असे सांगून गरिबाकडून बियाण्याचे पैसे किंवा आजारी मुलाच्या औषधाचे पैसे काढून घेणारे उपदेशकही असतात. त्यासाठी विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट हमखास वापरली जाते. मार्काचा १२वा अध्याय वाचताना ४१व्या वचनापासून सुरुवात करू नका. ४०वे वचनही वाचा. तिथे येशू विधवांची घरे गिळून टाकणाऱ्या शास्त्र्यांना दोष देत आहे. आणि लगेच पुढे एक विधवा आपली सारी उपजीविका दानपात्रात टाकते. प्रभूने तिचे मन पाहिले आणि तिचा गौरव केला. पण तिच्याकडून ते घेणाऱ्या व्यवस्थेवर त्याचे डोळे आधीच रोखलेले होते. म्हणून आमच्या मंडळीत कोणी घरात उपासमार असताना कोंबडी घेऊन आले, तर पाळकसाहेब तिच्यासाठी प्रार्थना करतात आणि ती कोंबडी त्याच घरी परत पाठवतात. पहिला वाटा मनापासून द्यायचा असतो. भीती घालून घेतलेला वाटा देवाचा नव्हे.

मासेदोनियाच्या मंडळ्या अत्यंत गरीब होत्या, तरी त्यांनी भरभरून दिले, असे पौल लिहितो. त्याचे रहस्यही तो सांगतो: त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले (२ करिंथ ८:५). हा क्रम उलटला की अर्पणाचा कर होतो.

देवाचे नाव पुढे करून

शास्त्रातील दोन ठिकाणे आपल्याला सावध करतात. ‘देव प्रथम’ हे वाक्य चुकीच्या जागी वापरले की काय होते, ते तिथे दिसते.

मार्काच्या ७व्या अध्यायात काही लोक आईवडिलांना द्यायची मदत ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असे घोषित करून मोकळे होत. वरवर पाहता त्यांनी देवाला आईबापांच्या आधी ठेवले. येशूने त्याला देवाची आज्ञा मोडणे म्हटले. म्हातारी आई औषधावाचून आहे आणि मुलगा सभेला मोठी देणगी देतो. बायको दिवसभर एकटी राबते आणि नवरा रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या फेरीवर असतो. हे आजचे कुर्बान आहे.

दुसरे ठिकाण मत्तय ५:२३-२४. वेदीजवळ अर्पण आणल्यावर आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचे आणि प्रथम जाऊन समेट करायचा. पाहा, इथेही ‘प्रथम’ हाच शब्द आहे. पण इथे प्रथम भाऊ आहे, अर्पण नंतर. प्रभू स्वतःच आपल्याला वेदीवरून उठवून भावाच्या दारी पाठवतो. बांधाच्या वादात दोन ख्रिस्ती भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत आणि एकाच उपासनेत वेगवेगळ्या रांगांत बसतात, हे पाड्यावर होते आणि शहरातील सोसायटीतही होते. तिथे देवाला प्रथम स्थान देणे म्हणजे आणखी एक उपवास करणे नाही. चपला घालून त्याच्या घरी जाणे आहे.

घरी करून पाहण्यासारखे

हे सारे रोजच्या जगण्यात उतरावे म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. सगळ्या एकदम करू नका. एक धरा आणि पुढचा अंक येईपर्यंत ती टिकवा.

१. सकाळी उठल्यावर मोबाईल हातात घेण्याआधी देवाशी बोला. वाक्ये थोडी असली तरी चालतील. ती पहिली असावीत.

२. स्वयंपाकघरात किंवा देवघरातील बायबलजवळ एक डबा ठेवा. पगार किंवा मजुरी हातात आली की खर्चाआधी त्यात वाटा टाका. मुलांनाही त्यांच्या खाऊच्या पैशातून टाकू द्या. वर्षाअखेरीस तो कोणाच्या कामी जावा, हे घरातल्या सर्वांनी मिळून ठरवा.

३. आपण कोणाला मजुरी देत असाल तर ती त्याच दिवशी द्या. सूर्यास्ताच्या आत गरिबाची मजुरी द्यावी, अशी आज्ञाच आहे (अनुवाद २४:१४-१५). ज्या घरातून मजुरी वेळेवर जाते, त्या घरात देव प्रथम आहे हे मजुराला न सांगता कळते.

४. नोकरी बदलणे, जमीन घेणे, मुलीचे लग्न ठरवणे अशा निर्णयांत आधी ठरवून मग आशीर्वाद मागू नका. ठरवण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून प्रार्थना करावी, आणि ‘यामुळे कोणावर अन्याय होतो का?’ हा एक प्रश्न मोठ्याने विचारावा.

५. रात्री झोपण्याआधी ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, असे एक नाव देवासमोर घ्या. आठवड्याभरात त्याला फोन करा किंवा भेटा.

लवकरच मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाची तयारी सुरू होईल. पाड्यावरच्या मंडळीत पहिली मक्याची कणसे, भोपळे, काकड्या, नवे धान्य वेदीपुढे ठेवले जाते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आपल्यापैकी कोणी त्या दिवसांत इकडे येणार असाल तर जरूर या. कणीस कोणाच्या शेतातले आहे ते विचारा, त्या घरी जाऊन पाणी प्या. जे येऊ शकत नाहीत, त्यांनी त्या रविवारी आपल्या ताटातील पहिल्या घासाआधी त्या शेतांचे आणि ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचे स्मरण करावे, त्यांना सुरक्षित परत आणण्यासाठी प्रार्थना करावी.

ज्याने आपल्यासाठी उरलेले नव्हे तर आपला एकुलता एक पुत्र दिला, तो पिता आपल्याला पहिला वाटा आनंदाने देण्याचे मन देवो. आमेन.